फुल अँड फायनल

शेवट जमणं ही भलतीच अवघड गोष्ट आहे, बॉस! सुरुवात काय, कोणीही करतं. धुक्यातलं बंदर, रात्रीची वेळ, काठी टेकत येणारा एक पोरगा... झाली सुरुवात. मधला भागही ओढूनताणून निभावतो. पण शेवट म्हटलं की भल्याभल्यांची विकेट पडते. मे २०१९ आठवतोय? आठ सीझन्स झोप घालवून पाहिलेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ त्या महिन्यात एका सोमवारी सकाळी संपली आणि दुपारी आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये पोरं एकमेकांचं असं सांत्वन करत होती, की घरातलंच कोणी गेलंय. ज्या पुस्तकांवरून ती मालिका निघाली त्यांचा पाचवा खंड २०११ साली आला होता. सहाव्याची वाट बघून मालिकेने पुस्तकांना ओव्हरटेक केलं आणि पुढे जाऊन ती खड्ड्यात पडली.

चोरांच्या टोळीवरच्या फँटसीचं म्हणाल, तर स्कॉट लिंचची ‘द लाइज ऑफ लॉक लमोरा’ २००६ मध्ये आली. काय फक्कड पुस्तक! तिसरा भाग आला २०१३ मध्ये, आणि त्यानंतर वाचक वर्षानुवर्षं चौथ्याची वाट बघत लेखकाच्या नावाने खडे फोडत बसले. एकूण काय, तिजोरी फोडणं सोपं. माल हाती आल्यावर टोळीतल्या प्रत्येकाला आपापल्या मुक्कामी नीट पोचवणं, हे खरं काम.

म्हणून ज्या मालिकेला ते जमलंय, तिच्याबद्दल आज मनसोक्त बोलायचंय. ली बार्डुगो या अमेरिकन लेखिकेची ‘सिक्स ऑफ क्रोज’ आली २०१५ साली आणि तिचा दुसरा व शेवटचा भाग ‘क्रुकेड किंगडम’ २०१६ साली. दोनच पुस्तकं. पुढे सगळा शेवट फोडलेला आहे, तेव्हा ज्यांना वाचायचीच आहेत त्यांनी पान उलटून रेस्टॉरंट रिव्ह्यूकडे जावं, राग नाही. बाकीचे या.

तर केटरडॅम नावाचं शहर. सतराव्या शतकातलं अ‍ॅमस्टरडॅम डोळ्यासमोर आणा. कालवे, गोदामं, जहाजं, काळ्या कपड्यांतले श्रीमंत व्यापारी आणि त्यांची कौन्सिल. इथे व्यापार हाच धर्म, आणि हे मी उपमा म्हणून सांगत नाहीये. इथला देवच व्यापाराचा आहे आणि त्याच्या देवळाचं नाव आहे चर्च ऑफ बार्टर. शहरात सगळ्याला भाव आहे. मालाला, माहितीला आणि माणसालाही. माणसाच्या नावाचा करार होतो, तो विकला जातो, आणि कर्ज फिटेपर्यंत तो माणूस कराराच्या मालकाचा. (आपल्याकडे त्याला बाँड म्हणतात आणि जॉइनिंगच्या दिवशी हसत हसत सही घेतात. असो.)

या शहरात ग्रिशा राहतात, म्हणजे अंगात विद्या असलेली माणसं. कुणी वारा फिरवतं, कुणी धातू वळवतं, कुणी समोरच्याचं हृदय बंद पाडतं. आणि परेम नावाचं एक औषध निघालंय. ते घेतलं की ग्रिशाची ताकद कैक पटींनी वाढते आणि तेवढ्यात त्याचं व्यसनही लागतं. ज्या शास्त्रज्ञाने ते शोधलं तो उत्तरेकडच्या फियर्डा देशात, आईस कोर्ट नावाच्या अभेद्य किल्ल्यात कैद आहे. त्याला पळवून आणायचं. मोबदला तीन कोटी क्रुगे. काम देणारा, शहरातला बडा व्यापारी यान व्हॅन एक.

आणि काम घेणारी टोळी? काझ ब्रेकर, वय सतरा. लंगडा, काठीवाला, हातमोजे कधीही न काढणारा. डोकं असं, की तुम्ही त्याच्याशी हात मिळवायच्या आधी तुमचं घड्याळ गेलेलं असतं. इनेज, कोळ्याच्या पावलांनी छपरांवरून चालणारी हेर, जी मुळात डोंबाऱ्यांसारखी दोरीवर चालणाऱ्या कुटुंबातली. तिला गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवून शहरातल्या एका कुंटणखान्यात विकलेलं. जेस्पर, नेमबाज आणि अट्टल जुगारी. वायलन, त्याच व्हॅन एकचा घरातून पळालेला मुलगा, जो सुरुंग बनवतो आणि बासरी वाजवतो. नीना, हृदयाशी खेळणारी ग्रिशा. मथायस, ग्रिशांची शिकार करायचं शिक्षण मिळालेला सैनिक, जो नीनावर प्रेम करतो आणि त्याबद्दल स्वतःवर जाम चिडलेला असतो. सगळे सोळा ते अठरा वर्षांचे. हे जरा पचवायला जड आहे. मी वाचताना प्रत्येकाच्या वयात मनातल्या मनात दहा मिळवले, मग सगळं सुरळीत झालं.

आता चोरीच्या गोष्टीचा एक साधा नियम असतो. ‘ओशन्स इलेव्हन’ घ्या नाहीतर आपला ‘स्पेशल छब्बीस’. प्लॅन तुम्हाला आधी सांगितला, की समजायचं तो फिसकटणार. प्लॅन सांगितलाच नाही, की तो यशस्वी होणार, आणि मग फ्लॅशबॅकमध्ये ‘अच्छा, ती नर्स म्हणजे हीच होती!’ वगैरे. सिनेमात हे चालतं, कारण कॅमेरा कुणाच्या डोक्यात शिरत नाही. कादंबरीत पंचाईत होते. या पुस्तकांत जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या वर टोळीतल्या एकाचं नाव असतं आणि ते प्रकरण त्याच्या डोक्यातून चालतं. मग काझच्या डोक्यात बसूनही काझचा प्लॅन आपल्याला कळू द्यायचा नाही, हे करायचं कसं? बार्डुगोबाई काय करतात, तर प्लॅनच्या ऐन वेळी काझला जुनी जखम आठवते. आपण त्याच्या भावाच्या आठवणीत इतके गुंततो, की त्याने मधल्या वेळात कुणाच्या खिशातून काय काढलं ते विचारायचं राहूनच जातं. म्हणजे वाचकाचाच खिसा कापला! मला तर हे त्या किल्ल्यातल्या चोरीपेक्षाही भारी वाटलं.

आणखी एक गंमत. पहिल्या पुस्तकात सहापैकी पाच जणांच्या नावाची प्रकरणं आहेत. वायलनच्या नावाचं एकही नाही. सगळ्यांत गप्प, सगळ्यांत लाजरा. टोळीत आहे, पण त्याचं डोकं आपल्याला बंद. दुसऱ्या पुस्तकात तो पहिल्यांदा स्वतःच्या नावाने बोलायला लागतो, आणि कळतं की त्या गप्प बसण्यामागे केवढं दडलं होतं. सहा माणसांच्या कुठल्याही खोलीत असा एक जण असतोच. आमच्याकडेही होता.

म्हणजे आमच्या डेस्कवर. मी तेव्हा पुण्यात एका न्यूज पोर्टलच्या मराठी डेस्कवर होते. आम्हीही सहाच. आमचे सर, एक सबएडिटर, मी, व्हिडिओ कापणारा, व्हॉइसओव्हरवाली आणि नाशिकहून आलेला डिझायनर. हा डिझायनर दिवसाला वीस थंबनेल्स करायचा आणि आठवड्याला वीस शब्द बोलायचा. २०२३ च्या नोव्हेंबरात एका गुरुवारी दुपारी कॅलेंडरवर अचानक मीटिंग आली. ‘क्विक कनेक्ट’. दिल्लीहून एक साहेब स्क्रीनवर आले, ज्यांना आम्ही आधी कधीच पाहिलं नव्हतं. ते आम्हाला ‘रीजनल व्हर्टिकल’ म्हणाले. तीनदा. एकाचंही नाव घेतलं नाही. डेस्क त्या दिवसापासून बंद. कॉल संपल्यावर स्क्रीनवर वेळ दिसते ना, तेव्हा कळलं : अकरा मिनिटं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची ऑफिसची मेल बंद झाली. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव होतं ‘चहा कोण सांगतंय’. त्यावरचा शेवटचा मेसेज व्हिडिओवाल्याचा : ‘चार्जर पण परत द्यायचाय का?’ त्याला कोणीच उत्तर दिलं नाही. चार वर्षांचं डेस्क, निवडणुका, पूर, ऑलिम्पिक, रात्री दोनच्या शिफ्टला वाटून खाल्लेली अंडाभुर्जी, आणि शेवट काय, तर चार्जर.

त्याच महिन्यात आणखी एक बातमी आली. बार्डुगोच्याच पुस्तकांवरची नेटफ्लिक्सची ‘शॅडो अँड बोन’ मालिका बंद झाली. पहिला सीझन एप्रिल २०२१ चा, दुसरा मार्च २०२३ चा. ती मी पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मुख्य कथेतल्या सूर्यकन्येपेक्षा मला ही काझची टोळीच बघायची असायची. (इनेजच्या भूमिकेतली अमिता सुमन नेपाळमध्ये जन्मलेली आहे, त्यामुळे घरच्यांनीही ‘ही आपल्यातलीच दिसते’ म्हणून मालिकेला मान्यता दिली होती.) दुसऱ्या सीझनच्या शेवटी आईस कोर्टच्या चोरीची नांदी झाली आणि पडदा पडला. ती चोरी पडद्यावर झालीच नाही. वर गंमत बघा, काझने ज्याचा सूड घ्यायचा तो सूड मालिकेने दुसऱ्याच सीझनमध्ये उरकून टाकला होता! पुस्तकात ज्या क्षणासाठी दोन खंड थांबावं लागतं, तो इथे चोरीच्या आधीच. म्हणजे कामावर रुजू होण्याआधीच राजीनाम्याचा केक.

तर एक नोकरी अर्धी, एक मालिका अर्धी. घरी बसून करायचं काय? अप्पा बळवंत चौकात गेले आणि दोन्ही पुस्तकं घेऊन आले. निदान या सहा जणांचं पुढे काय होतं ते तरी कळू दे, म्हटलं.

नोकरी सोडलेल्या किंवा सुटलेल्या प्रत्येकाला एक शब्द पाठ असतो. एफ अँड एफ. फुल अँड फायनल सेटलमेंट. उरलेल्या रजा अधिक, नोटिशीचा पगार अधिक, लॅपटॉपवरचा ओरखडा वजा, आणि खाली एक आकडा. त्या डिसेंबरात मी रोज बँकेचं अ‍ॅप उघडून तो आकडा आला का बघायचे आणि मग पुस्तक उघडायचे. आणि हळूहळू लक्षात आलं, की ‘क्रुकेड किंगडम’ म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, सहा जणांचा एफ अँड एफ आहे. फक्त तो प्रत्येकाला वेगवेगळ्या चलनात मिळतो.

पहिल्या पुस्तकाच्या शेवटी टोळी जीव धोक्यात घालून परत येते. शास्त्रज्ञ मेलेला असतो, पण त्याचा मुलगा कुवेई सापडतो आणि औषधाचं गुपित त्याच्याकडे आहे. व्हॅन एक पैसे देत नाहीच, उलट इनेजलाच उचलून नेतो. म्हणजे काम पूर्ण, पेमेंट पेंडिंग! फ्रीलान्सर मंडळींना हे वेगळं सांगायला नको. दुसरं पुस्तक आहे वसुलीचं. वरवर ती तीन कोटींची वसुली आहे. त्यासाठी भर चर्चमध्ये कुवेईचा लिलाव मांडला जातो, शहरभर साथ आल्याची खोटी घंटा वाजवली जाते, मेलेला जिवंत असतो, भोळाभाबडा शेतकरी कोट घालून धनाढ्य व्यापारी होतो. पैसे शेवटी मिळतात. पण ते कोणाला किती मिळाले, हे आज मला नीट आठवतही नाही. आठवतं ते वेगळंच.

वायलनचं बघा. या पोराला वाचता येत नाही. अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोर थांबतच नाहीत. बापाला याची इतकी लाज, की त्याने मुलाला शाळेत पाठवतो म्हणून बोटीत बसवलं आणि सोबतच्या माणसांना त्याला संपवायला सांगितलं. पोरगा पळाला, तर बाप त्याला पत्रं पाठवत राहिला. वाचता येत नाही हे पक्कं माहीत असताना. एवढा थंड छळ मी फार कमी पुस्तकांत वाचलाय. आई लहानपणीच वारली, असं वायलनला सांगितलेलं. दुसऱ्या पुस्तकात तो तिची समाधी शोधायला जातो आणि ती जिवंत सापडते. बापाने तिला वेडी ठरवून एका दूरच्या आश्रमात ठेवून दिलेलं असतं. या मुलाला तीन कोटींतला वाटा देऊन काय फिटणार होतं? शेवटी बाप तुरुंगात जातो, हवेली वायलनच्या नावावर होते आणि त्याची आई त्या घरात परत येते. वाचता मात्र त्याला शेवटपर्यंत येत नाही. हे मला फार आवडलं. दुसरी एखादी लेखिका असती, तर जाता जाता जादूची कांडी फिरवून त्याच्याकडून एक परिच्छेद वाचून घेतला असता. इथे नाही. त्याला वाचून दाखवायला शेजारी जेस्पर बसतो, बस्स.

आणि जेस्परला काय मिळतं? जेस्परचे बाबा शेतकरी आहेत. मुलगा केटरडॅमच्या युनिव्हर्सिटीत शिकतोय या समजुतीवर त्यांनी शेत गहाण टाकलंय. मुलाने कॉलेज कधीच सोडलंय आणि पैसा जुगारात घातलाय. हे बाबा एक दिवस थेट शहरात येऊन उभे राहतात. बंदुकांच्या गोळ्या चुकवणारा जेस्पर वडिलांचे प्रश्न चुकवताना घामाघूम होतो. हॉस्टेलवर न सांगता आलेला बाप ज्यांनी अनुभवलाय त्यांच्या पोटात हे वाचताना गोळा येईल. लिलावात खोटा व्यापारी म्हणून कोट चढवतात ते हेच बाबा. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस मुलाच्या मित्रांसाठी भर सभेत खोटं बोलतो, आणि तेही काय थाटात! जेस्परचा हिशेब म्हणजे वडिलांसमोर एकदाच सगळं खरं बोलून मोकळं होणं. त्याचं जुगाराचं व्यसन सुटल्याचं सर्टिफिकेट लेखिका देत नाही. तो उद्या परत टेबलावर बसेल की काय, ही धाकधूक आपल्यालाच ठेवून देते.

त्या खोट्या व्यापाऱ्याला काझ नाव देतो रीटव्हेल्ड. आणि रीटव्हेल्ड हे काझचं स्वतःचं खरं आडनाव आहे, जे तो शहरात कुणालाही सांगत नाही. मी इथे पुस्तक मांडीवर ठेवून पाच मिनिटं नुसती बसले होते. कारण काझची सगळी कहाणी त्या आडनावात आहे. तो आणि त्याचा मोठा भाऊ जॉर्डी गावचं शेत विकून शहरात आले. पेका रोलिन्स नावाच्या माणसाने दुसरंच नाव सांगून, गोड बोलून, त्यांचे सगळे पैसे लाटले. मग साथ आली. जॉर्डी गेला. नऊ वर्षांचा काझही मेला असं समजून त्याला मढ्यांच्या होडीत टाकलं, आणि तो भावाच्या प्रेताला धरून पोहत किनाऱ्याला लागला. तेव्हापासून त्याला कुणाचाही स्पर्श सहन होत नाही. हातमोजे त्यासाठी. आता परत त्या प्लॅनकडे बघा : शहराला घाबरवायला काझ निवडतो ती साथच. ज्याने त्याचं घर संपवलं तेच हत्यार.

(काझची काठीही हवेतून आलेली नाही. बार्डुगोला स्वतःला हाडांचा आजार आहे आणि तिलाही काठी वापरावी लागते, हे तिने पुस्तकाच्या आभारातच लिहिलंय. म्हणूनच असेल, काझचा पाय कथेच्या सोयीने कधी बरा होत नाही. जिने चढताना तो प्रत्येक वेळी दुखतो.)

आणि मग तो क्षण, जो मालिकेने आधीच वाया घालवला. काझ पेका रोलिन्सला गाठतो. तुझ्या लहान मुलाला मी जिवंत पुरलंय, म्हणतो. खरं तर पुरलेलं नसतं. पण पेका गुडघ्यांवर येतो. काझ त्याला फक्त एवढंच विचारतो, की माझ्या भावाचं नाव सांग. आणि पेकाला ते आठवत नाही. फसवलेली इतकी माणसं, त्यात एक पोरगा कुठला लक्षात राहणार? काझने इतकी वर्षं ज्या माणसाचा द्वेष केला, त्या माणसाच्या वहीत या दोन भावांची साधी नोंदही नव्हती. ‘रीजनल व्हर्टिकल’ तीनदा म्हणणारे ते साहेब मला इथे आठवले. पेकाइतके काही ते वाईट नसणार. त्यांना दिवसभरात असे आणखी चार कॉल करायचे असतील. पण नाव न घेतल्याचं दुखणं कुठे असतं, ते या पानावर मला नेमकं सापडलं. पेका शहर सोडून जातो. काझ जिंकतो. आणि तरी जॉर्डीचं नाव त्याच्या तोंडून निघत नाही. ही बाकी राहतेच.

इनेज आणि काझ यांच्याबद्दल लिहायला बसले तर अख्खा अंक पुरणार नाही, म्हणून थोडक्यात. संपूर्ण दोन पुस्तकांत या दोघांत एक धड मिठीसुद्धा नाही. एकाला स्पर्श सोसत नाही, दुसरीला तो विकत घेणाऱ्यांची आठवण पुसता येत नाही. हॉटेलच्या बाथरूममध्ये तो तिच्या जखमेची पट्टी बदलतो, एवढाच काय तो त्यांचा रोमान्स, आणि तो वाचताना मी श्वास रोखून बसले होते. शेवटी काझ तिला बंदरावर नेतो. तिथे एक जहाज उभं आहे, तिच्या नावावर. गुलामांच्या व्यापाऱ्यांची शिकार करायची म्हणून जे ती दोन खंड मागत होती, ते. त्याच धक्क्यावर दुसऱ्या जहाजातून दोन माणसं उतरतात, आणि ते तिचे आईबाबा असतात. शहराला थरथर कापायला लावणारा हा पोरगा तिला विचारतो, माझा टाय सरळ आहे ना? हातात मोजे नाहीत. एक हात दुसऱ्या हातात, तेवढंच. तो बरा झाला असं कुठेही म्हटलेलं नाही. मला विचाराल, तर गेल्या कित्येक वर्षांत वाचलेला हा सगळ्यात पूर्ण शेवट आहे, आणि त्यात लग्न नाही, किस नाही, ‘आय लव्ह यू’ नाही.

सगळंच जमलंय असंही नाही हां. कुवेईला लेखिकेने झटपट उरकलंय. ज्याच्यासाठी एवढा किल्ला फोडला, एवढा लिलाव मांडला, तो पोरगा शेवटी पार्सलसारखा दुसऱ्या देशात रवाना होतो. आणि मथायस... मथायसबद्दल माझं अजून स्वतःशीच भांडण चालू आहे. सगळं संपलंय, सगळे सुटलेत, आणि गल्लीत एक कोवळा फियर्डन सैनिक त्याला गोळी घालतो. नाव गाव नसलेला एक पोरगा. मथायस त्याला समजवायला जातो, कारण त्या पोराच्या जागी काही महिन्यांपूर्वी तो स्वतःच होता. तोच गणवेश, डोक्यात तोच द्वेष. तो नीनाच्या मांडीवर जातो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक फेकलं होतं (गादीवर, पाचशे पानांचं आहे, फरशी फुटायची). मला वाटलं, हा नुसता रडवण्यासाठी केलेला उद्योग. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, सहाही जण हसत घरी गेले असते तर मी ते पुस्तक मिटून लगेच जेवायला बसले असते. खरं कुठलं, ठरत नाही. नीना त्याला त्याच्या देशाच्या मातीत ठेवायला उत्तरेकडे निघते. तिची पुढची गोष्ट बार्डुगोने २०१९ च्या ‘किंग ऑफ स्कार्स’मध्ये आणि २०२१ च्या ‘रूल ऑफ वुल्व्ह्ज’मध्ये लिहिली आहे. तीही चांगली आहे. पण या दोन पुस्तकांत तिचा हिशेब उघडाच राहतो, आणि त्यामुळेच बाकीच्या पाच जणांचे हिशेब खरे वाटतात.

माझा एफ अँड एफ फेब्रुवारीत आला. मेलची सुरुवात ‘डिअर एक्स-एम्प्लॉयी’. आकडा बरोबर होता, अगदी पैशांपर्यंत. चार्जरचे पैसे कापले नव्हते, म्हणजे तो द्यायचा होता की नाही हे कोडं सुटलं नाही ते नाहीच. मी फ्रीलान्सिंग सुरू केलं. सबएडिटर बँकेत लागली. आमचे सर पुस्तकांची भाषांतरं करतात. ग्रुप अजून आहे, दिवाळीला त्यावर पणत्या येतात.

मागच्या वर्षी नाशिकच्या त्या डिझायनरचा अचानक मेसेज आला, ‘एखादं चांगलं बुक सांग ना.’ आठवड्याच्या वीस शब्दांतले पाच त्याने एकदम खर्च केले होते! मी दोन्ही पुस्तकं कुरिअर केली. इंग्लिश कादंबरी वाचायची त्याला सवय नाही, फोनवर शब्द शोधत शोधत वाचतो. दर रविवारी एक मेसेज. ‘काझ डेंजर आहे.’ ‘वायलनचा बाप नालायक.’ ‘रीटव्हेल्ड!!!’ मग दोन रविवार काहीच नाही. मी विचारलं तर म्हणाला, शेवटची चाळीस-पन्नास पानं राहिलीत, मुद्दाम वाचत नाहीये, संपलं की सगळे जातील. चांगला महिनाभर ते पुस्तक त्याच्या मॉनिटरच्या शेजारी तसंच उभं होतं, खूण घातलेलं. फोटो पाठवला होता त्याने.

गेल्या रविवारी त्याचा परत मेसेज. ‘आज संपवतो. लिलाव झाला, सगळे सुटले. फक्त एक सांग, मथायस ठीक आहे ना?’

रिप्लाय टाइप केला, पुसला. परत टाइप केला. शेवटी लिहिलं, ‘आधी चहा सांग. मग वाच. मी फोनवर आहे.’